बाबांचं दुकान

माझी लेक जिथे काम करते तिथे कत्तलीतून सुटलेली, लंगडी, म्हातारी जनावरं मरेपर्यंत सुखाने राहतात. आणि मी खाटीक, एकतीस वर्षं याच धंद्यात. एकाच घरात देवाने दोन टोकं बांधून ठेवली आहेत.

वर्षअखेरच्या सुट्टीत त्यांच्याकडे मेजवानी होती. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, मधसुद्धा नाही.

"चहा तरी?" मी फोनवर विचारलं.

"सोयाच्या दुधाचा. या ना बाबा. फक्त धंद्याचं काही बोलू नका. तुमचं दुकान आहे, एवढंच सांगितलंय मी सगळ्यांना."

"कसलं?"

"ते कुणी विचारलं नाही."

मला लागलं ते. पण तीन वर्षांत पहिल्यांदा लेकीने बोलावलं होतं. तोंडाला कुलूप लावलं, दोनदा साबणाने हात धुतले आणि गेलो.

तिथे आधी जनावरांची पंगत, मग माणसांची. एका डुकराला मी भोपळ्याच्या फोडी वाढत होतो, मानाच्या पाहुण्याला वाढाव्यात तशा. शेजारच्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलंच, "तुमचं किराणा दुकान ना?" उत्तर टाळायला मी त्या चहाचा मोठा घोट घेतला. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक तांबडी शेळी येऊन गुडघ्याला खेटली. सवयीने हात तिच्या पाठीवर गेला, कण्याच्या दोन्ही बाजूंनी चाचपत कमरेपर्यंत, आणि कुलूप आपोआप उघडलं.

"अठ्ठावीस किलो."

वाढणारे सगळे हात थांबले. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. डुकराचं जेवण तेवढं चालू होतं.

जनावरांचे डॉक्टर पुढे आले. त्यांचा वजनकाटा आठवड्यापूर्वी बंद पडला होता आणि वजन कळल्याशिवाय जंताचं औषध देता येत नव्हतं. त्यांनी वही उघडली. "काटा बंद पडायच्या आदल्या दिवशी हीच शेळी अठ्ठावीस किलो दोनशे ग्रॅम."

"दोनशे ग्रॅम लेंड्यांत गेले असतील," मी म्हणालो.

"हे शिकलात कुठे?"

मी लेकीकडे पाहिलं. साखरेची पोती उचलून अंदाज येतो, असं ठोकून द्यायला तोंड उघडलंच होतं.

"दुकानात," लेक म्हणाली. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. "माझे बाबा खाटीक आहेत."

चष्मेवाल्या बाई हळूच डुकराच्या पलीकडे सरकल्या. डॉक्टरांनी मात्र वही लेकीच्या हातात दिली. "मागच्या गोठ्यात अजून बावीस आहेत. जेवणाआधी उरकू या?"

मी चाचपत होतो, लेक लिहीत होती. लहानपणी गृहपाठ करायची तशी, जीभ ओठाबाहेर काढून. मला फार बरं वाटत होतं, आणि तिथेच घात झाला. शेवटची शेळी हाडकुळी निघाली.

"एकोणीस," मी म्हणालो. "हिला अजून दोन महिने राहू दे."

लेकीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली.

"बाबा, इथे सगळ्या राहणारच आहेत."

डोळे पुसून तिने वहीत दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, "वजन बघायला बाबा येणार."