लाल शाईतलं 'गुड'

"डोळे घरी ठेवून आलीस का?" सरांनी कोरा पेपर सगळ्या वर्गाला दाखवत विचारलं, आणि वर्ग खो खो हसला.

शनिवारची इंग्रजीची चाचणी होती. फळ्यावर वीस वाक्यं लिहिलेली. ती नकारार्थी करायची. आठवडाभर हेच शिकवलं होतं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने नाव आणि तारीख सोडून काहीच लिहिलं नव्हतं. वहीला नाक टेकवून लिहायची म्हणून मुलं तिला 'हुंगी' म्हणत. एकदोनदा सरांच्या तोंडूनही ते नाव निघून गेलं होतं.

"जा, बाहेर उभी राहा."

ती निमूट गेली. तिच्या शेजारची मुलगी मात्र उभी राहिली.

"सर, तिला फळ्यावरचं दिसत नाही."

"मग तोंड नव्हतं का सांगायला?"

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, माझ्या तासाला जे काय बोलायचं ते इंग्रजीतच. तिला तसं बोलायला नाही जमत. पण तिने लिहिलंय. गृहपाठात. रोज."

सरांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून तिची वही ओढली. सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. बेचाळीस वह्या ते मधल्या सुट्टीत चहा निवायच्या आत उरकत. मुलांनी मनाने रचलेली पाच नकारार्थी वाक्यं मोजायची, बरोबरची खूण करायची, खाली शेरा मारायचा. यात कुणाचं काही बिघडतंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सोमवारच्या पानावर चौथं वाक्य होतं, 'आय डू नॉट सी द बोर्ड.' खाली लाल शाईत 'गुड'. मंगळवारी, 'आय कॅनॉट रीड फ्रॉम थर्ड बेंच.' गुड. बुधवारचं वाक्य जरा लांब होतं. फळा धुरासारखा दिसतो, असं तिला म्हणायचं असावं. पण धुराला शब्द सापडला नव्हता, म्हणून तिथे तिने पेन्सिलीने छोटासा ढग काढला होता. सरांची खूण त्या ढगावरूनच गेली होती. गुरुवारी, 'सर, प्लीज डू नॉट बी अँग्री.' व्हेरी गुड.

शुक्रवारी पुस्तकातली पाच वाक्यं तेवढी उतरवलेली होती. तिने सांगणं सोडून दिलं होतं.

वही हातात घेऊन सर बाहेर आले. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"बाळ, घरी सांगितलंस का गं?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, आधी सरांना सांग. ते म्हणाले तर जाऊ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे."

"मग?"

"तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

सरांनी वही मिटली. "चुकलं माझं," ते कसंबसं म्हणाले. "मी... मी वाचलंच नव्हतं."

ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे वाक्यं बरोबर नव्हती का, सर?"

"होती. सगळी बरोबर होती."

ते खरं की उगाच समजूत घालताहेत, हे तिला कळेना. ती दोन पावलं पुढे आली, मान वर केली आणि डोळे बारीक करून अगदी जवळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली.

सरांना तोंड फिरवावंसं वाटत होतं. पण तिचं बघून होईपर्यंत ते हलले नाहीत.