पट्ट्यातलं वजन

आरोंद्यात नम्रताची ओळख दोन गोष्टींसाठी. एक, ती चार इंची सैनिक बनवते. दुसरी, ती दुधातही माशी शोधते. पहिल्या गोष्टीचं कौतुक पुण्या-मुंबईचे हौशी लोक करत, दुसरीचा प्रसाद तेवढा गावाला मिळे.

गावानंही तिला सोडलं नव्हतं. हद्दीपलीकडच्या गोव्यातल्या एका बारमधून ती बाटल्यांच्या मानेवरचा मऊ पत्रा पिशवी भरभरून आणायची, आणि 'ही काय नुसतो पत्रो हाडता?' असं बायका एकमेकींना विचारायच्या. ती मात्र त्या पत्र्याच्या तांदळाएवढ्या रुंद पट्ट्या कापून सैनिकांच्या खांद्यावर चढवत असे. कागद ताठ राहतो, कापड जाडंभरडं दिसतं, पत्रा वाकवावा तसा राहतो. तांब्याच्या तारेचं बक्कल, सुईच्या टोकानं पाडलेली भोकं, वर मळकट हिरवा रंग. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे वजन. बंदूक काडीएवढी असली तरी तिच्या भारानं पट्टा ताणलेला आणि सदऱ्यात रुतलेला दिसला पाहिजे. तो लोंबला की सैनिक खोटा पडला.

जुलैत शाळेचे सुदेश गुरुजी आले. पंधरा ऑगस्टला शिवा हवालदाराचा सत्कार होता, आणि त्याची मूर्ती काचेच्या पेटीत घालून शाळेत कायमची ठेवायची होती. शिवा हवालदार म्हणजे गावचा एकुलता एक जिवंत फौजी. वीस वर्षं शाळेचा झेंडा त्याच्याच हातून वर जात होता.

"बंदूक खांद्यार आसलेलो कर," गुरुजी म्हणाले. "पोरांका आवडतलो."

दुसऱ्या दिवशी हवालदार माप द्यायला आला. सत्तरी ओलांडलेला, ताठ, बोलायला कंजूष. नम्रतानं वही उघडली.

"आबा, बंदूक खंयची होती?"

"होती एक."

"खंयच्या खांद्यार घेयास?"

"जो मोकळो आसात तेच्यार."

"जुनो फोटो आसा?"

"वाळवीन खाल्लो."

नम्रताच्या मनात पाल चुकचुकली. तिचे बाबा फौजेत होते. ती सात वर्षांची असताना ते सीमेवर गेले आणि परत आली ती त्यांची खांद्याची पिशवी. पण त्याआधीच्या सुट्ट्यांत बंदुकीचं नाव, नंबर, वजन त्यांनी तिला पाढ्यासारखं पाठ करायला लावलं होतं. आपली बंदूक विसरणारा फौजी तिनं पाहिला नव्हता.

तेवढ्यात हवालदारानं टेबलावरचा एक तयार शिपाई उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टा डोळ्यांजवळ नेला.

"बक्कल उलटा लावलंस. असा लावला तर कोसभर जावच्या आधी सुटात. आणि हय भोक ताणलेला होया. रोज त्याच भोकात घालतत ना."

बंदूक आठवत नाही, आणि बक्कल मात्र तोंडपाठ! पाणी कुठेतरी मुरत होतं. निघताना तो भिंतीवरच्या बाबांच्या पिशवीपाशी थांबला. हात न लावता बघत राहिला.

"तुझ्या बापाशीचो उजवो खांदो दुखावलेलो काय गो?"

नम्रताच्या हातातली कात्री तशीच राहिली. बाबा लहानपणी काजूच्या झाडावरून त्या खांद्यावर पडले होते. भरतीत नापास होतील म्हणून ही गोष्ट घराबाहेर कुणालाच सांगितलेली नव्हती. तो गेल्यावर तिनं आईला गाठलं.

"आये, तू ह्येका कायतरी सांगलंस?"

"मी कित्या सांगू?" यशोदा म्हणाली. ती पिशवी कुणाला खुंटीवरून काढूही द्यायची नाही. तिचा एक टाका सुटून पट्टा लोंबत होता, पण शिवायला द्यायचं नाव काढलं की ती अंगावर यायची.

त्यानंतर नम्रताचं कामात लक्ष लागेना. हा माणूस मुळात फौजी आहे का? नसेल तर बक्कल कसं कळतं? बाबांचं सामान याच्या हातून तर गेलं नाही? ज्याच्यापुढं गावची पोरं सलाम ठोकतात तो तोतया निघाला, तर त्याला काचेत बसवणारे हात आपले असतील. बाबांच्या नावाला ते चालेल का? तिला चालणार नव्हतं.

चौथ्या दिवशी ती माप घ्यायचं राहिलंय असं सांगून त्याच्या घरी गेली. हवालदार मागल्या दारी होता. ओटीवर पत्र्याची ट्रंक उघडी पडली होती, आणि तिच्यात हिरव्या पट्ट्यांची चळत. प्रत्येकावर सरकारी छाप.

अस्सं! म्हणजे कोठारातला चोर.

"आबा," तो आत आल्याबरोबर ती म्हणाली, "ह्यो सरकारी माल तुमच्याकडे कसो? आताच सांगा, नायतर मी गुरुजींका सांगतंय."

हवालदारानं आधी दार लोटलं. मग ट्रंकेच्या तळातून लाकडी मुठीची आरी काढली, चामडं टोचायची, मूठ हाताळून काळी झालेली, आणि तिच्यापुढं ठेवली.

"मी पलटणीतलो मोची," तो म्हणाला. "बावीस वर्सां. बूट, पट्टे, पिशये. ह्ये पट्टे बाद झालेले. निरोपाक पोरांनी दिले, सायबाची चिठी आसा. हवालदार झालंय ता खरा. पण बंदूक... भरती झालंय तेवा शिकताना हातात इली, तेवढीच."

"मगे सांगूक कित्या नाय?"

"माझ्या आवशीक काय सांगू? चामड्याचा काम करतंय म्हणान कळला आसता, तर तिना माका चुलीकडे येवक दिला नसता. गावान विचारल्यान, 'फौजेत?' मी म्हटलंय, 'होय.' आवस गेली. तोपर्यंत गाव सलाम करूक लागलो होतो."

"आणि बाबाचो खांदो?"

"पट्टो बगलंय. एकाच बाजून झिजलोहा, डाव्या खांद्यार घेतल्यासारो. पट्टो खोटा बोलना नाय गो."

नम्रताला स्वतःची लाज वाटली. चोर म्हणायला निघाली होती ती! ज्या गोष्टीचा तिला स्वतःला एवढा अभिमान, त्या पट्ट्यातलं वजन या माणसानं तिच्या आधी वाचलं होतं.

"आता गुरुजींका सांग, काय सांगूचा ता," तो म्हणाला.

"मी सांगूचंय नाय. तुमी ठरवा. उभो करू, काय बसलेलो?"

हवालदारानं आरी उचलून मुठीत धरली. बंदूक घेऊन उभा राहिला तर मरेपर्यंत सलाम मिळणार होते.

"बसलेलो," तो शेवटी म्हणाला.

पंधरा ऑगस्टला गुरुजींनी पेटीवरचं कापड ओढलं. आत स्टुलावर एक चार इंची माणूस बसला होता. मांडीवर पट्टा, हातात आरी. पट्ट्याचं एक टोक त्यानं बुटाखाली दाबून ताणून धरलं होतं. खाली लिहिलं होतं: हवालदार शिवा, पलटणीचे मोची.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "मोची?" पुढचे लोक एकमेकांकडे बघू लागले. गुरुजींनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले. हवालदारानं मान खाली घातली, आणि नम्रताला वाटलं, आपण या म्हाताऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं.

तेव्हा बायकांच्या रांगेतून यशोदा उठली. घरात ती मूर्ती घडताना तिनं रोज पाहिली होती, आणि आज काखेत बाबांची पिशवी होती. ती खुंटीवरून कधी काढली, नम्रतालाही कळलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत ती हवालदारापुढं जाऊन उभी राहिली.

"हवालदारानू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ह्येचो टाको सुटलोहा. तीस वर्सां कोणाच्या हातात देवक नाय. तेवढो घालून द्या."

हवालदारानं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. खुर्ची ओढून तो तिथंच बसला, पट्ट्याचं टोक बुटाखाली दाबलं आणि खिशातून आरी काढली.

"डावो खांदो," तो हळूच म्हणाला.

"होय," यशोदा म्हणाली. "डावोच."