पाक निवण्याआधी

‘हिच्या हातार तर रान माजलाहा गो! शेळी सोडलास तर दोन दिस चरतली…’

वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब पडला, बुडाशी गेला आणि तिथे मधाच्या रंगाचा मणी होऊन बसला. कावेरीने तो दोन बोटांत उचलला. दाबला. ओढला तर लांबतो, सोडला तर आवरतो… आणखी दोन कढ. सतरा वर्षांपूर्वीचा तो आवाज पाकाच्या पहिल्या कढाबरोबर असाच वर येतो, फेसासारखा कडेला धरतो, आणि मग ती ढवळून ढवळून त्याला खाली बसवते—पण आज तो बसायला तयार नव्हता. कारण ज्या तोंडातून तो निघाला होता ते तोंड पडवीत बसून पान चघळत होतं.

‘कावेरी, गो, झाला काय नाय अजून? आचऱ्याची माणसा परवा सकाळीच चेडवाक बघूक येतली.’

‘होता हा, यमुनाबाई. पाकाक घाई करून चलत नाय.’

मसुऱ्याच्या बाजारातल्या कापडवाल्यांची यमुनाबाई, आणि तिची एकोणीस वर्षांची सरला. दोघींनी येताना डबा आणला होता, खाजं न्यायला आलोय असं दाखवायला. सगळ्याच तशा येतात. कावेरीचं घर जत्राजत्रांतून गुळात घोळवलेलं खाजं विकणाऱ्यांचं. त्या दारात एखादी मुलगी का गेली हे कोण विचारणार? मागच्या खोलीत बसायचं, हातांना तांदळाचं पीठ लावून घ्यायचं, वर कोमट पाक, वर जुन्या लुगड्याची पट्टी, आणि एक हिसका, की लव मुळासकट पट्टीवर. घरी जाताना मुलीचे हात केळीच्या कोवळ्या पानासारखे, आणि डब्यात खरोखरच पावशेर खाजं.

यमुनाबाईला काही आठवत नव्हतं. तेच तर! दारातून आत येताना तिने कावेरीचा हात हातात घेतला होता, ‘तुझ्या हाताक गुण आसा म्हणतत,’ म्हणून कुरवाळला होता—तोच हात. सतरा वर्षांपूर्वी यमुनाबाई आपल्या भावासाठी कावेरीला बघायला आली होती. दारापासून तुळशीपर्यंत चालवून बघितलं. अंबाडा सोडून केसांची लांबी बघितली. आणि मग पोलक्याची बाही कोपराच्या वर सारली, हात उजेडाकडे वळवला, आणि ते रान माजल्याचं म्हणाली. बायका हसल्या. पडवीतून पुरुषांचं हसू आलं. बाबा उगाच चुलीतलं लाकूड सारत राहिले. मी खाज्याची ताटली धरून उभी होते. ताटली हलू दिली नाही मी. तेवढंच माझ्या हातात होतं… मग नकार आला.

त्यानंतर दोन वर्षांनी आंगणेवाडीच्या जत्रेत खाजं परतताना निवत आलेला गूळ तिच्या मनगटावर ओघळला, सुकला. तिने खसकन ओढून काढला तर खालची कातडी लहान मुलाच्या गालासारखी लख्ख. कावेरी त्या गर्दीत, ढोलांच्या आवाजात, आपल्या मनगटाकडे बघत राहिली होती. मग किती महिने गेले! गुळाचा पाक लवकर कणीदार व्हायचा, तुटायचा. मग साखर, मग साखरेत लिंबू, म्हणजे कणी धरत नाही. विद्या हाती आली तेव्हा बघायला येणारे थांबले होते. आई जात्यावर बसायची त्या जागी बसून तिने स्वतःच एक ओवी जुळवली होती, कुणाला न ऐकवलेली:

साखरेच्या गं पाकाला
तार येईना येईना
माझ्या मनीचा गं वैरी
दारी येईना येईना

आज दोन्ही आलं होतं. तारही, वैरीही.

पाक चुलीवरून उतरला की ती तो वेताच्या पंख्याने वारा घालून निववते, आणि काडीने आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते. चौदा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं ते. आज तिने पंखा खुंटीवरून काढला नाही. मनगट पुढे केलं नाही. फडक्यात धरलेलं टोप तसंच, बुडबुडे फुटत असलेलं, मागच्या खोलीत नेलं. सरलाच्या वरच्या ओठावर… एवढीशी बोटभर जागा. परवा आचऱ्याची माणसं येतील तेव्हा फोड असेल, मग डाग, मग डागाची कथा. मुद्दाम केलं असं कोण म्हणेल? पाकच तो, कधी चुकतो. आणि यमुनाबाई तोंडाला पदर लावून बसेल, आणि पडवीत कुणीतरी हसेल—तिलाही कळू दे, पडवीतलं हसू घरभर कसं फिरतं, वर्षानुवर्षं कसं फिरतं.

सरला पाटावर बसली होती, दोन्ही हात पिठाने पांढरे, डोळे गच्च मिटलेले.

‘मावशी, दुखता काय गो खूप?’

‘मुंगी चावता तितकाच.’

‘तांबडी काय काळी?’

एरवी कावेरीला हसू आलं असतं. पडवीतून यमुनाबाईचा आवाज आला, ‘ओठार नीट लाव गो! हरिश्चंद्र पण येतलो हा परवा. पोरीचो मामा नको बैठकीत?’

हरिश्चंद्र. यमुनाबाईचा तोच भाऊ. काडी टोपाच्या कडेला थांबली. हे नाव इतक्या वर्षांत या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. दाराच्या फटीतून तिने त्याला एकदाच बघितलं होतं, सगळं होऊन गेल्यावर, माणसं चपला घालत असताना—ताटलीत उरलेलं एक खाजं त्याने हळूच उचललं, तोंडात टाकलं, आणि अंगठ्याला लागलेला गूळ चाटला. कुणी बघत नाही ना, म्हणून आजूबाजूला पाहिलं. एवढंच. त्याने मान वर केली असती तर…

‘काय गोड वास येता गो!’ सरलाने डोळे उघडले होते. आणि कळायच्या आत तिने पिठाचं बोट टोपाकडे नेलं, चाखायला, आईच्या चुलीशी नेतात तसं.

‘भाजात गो!’

टोप बाजूला गेलं होतं. काडी जमिनीवर. आणि कावेरी त्या मुलीचं बोट आपल्या मुठीत धरून त्यावर फुंकर घालत होती, पुन्हा पुन्हा, जिथे पाक लागलाही नव्हता तिथे… हे माझ्या तोंडाने काय केलं? कुणाला विचारून केलं? सतरा वर्षं आटवलेलं, एका फुंकरीत! तिला सरलाचा राग आला, स्वतःच्या हातांचा आला. यमुनाबाईचा तर होताच, तसाच, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. पण त्याच्या खाली काहीतरी उघडं पडलं होतं, कोवळं, हवा लागताच झोंबणारं, आणि ते रागाहून जुनं होतं.

‘काय झाला गो? भाजला काय माझ्या चेडवाक?’ यमुनाबाई दाराशी आली होती.

‘नाय. भाजूक नाय.’

कावेरीने वर बघितलं. किती वाक्यं धार लावून ठेवली होती या तोंडासाठी. मुलीचं बोट तिच्या मुठीतच होतं.

‘यमुनाबाई, तुमच्या भावाक मीच नको म्हटलंय, असा मी आजवर सगळ्यांक सांगत इलंय. ता खोटा. माका तो आवडलो होतो.’