चार बोटं खोल

चाळीस वर्षं म्हातारा भाताला डाव्या हाताने युरिया फेकत आला आणि चाळीस वर्षं त्याला त्या हाताची घमेंड. बांधावरून मूठ सुटली की दाणे पंख्यासारखे पसरायचे. अशा माणसाला कालची आलेली सून म्हणते काय, "बाबा, निम्मा युरिया हवेत उडतो, उरलेला पाण्याबरोबर शेजाऱ्याकडे जातो. फुकट पोसताय त्यांना."

शेजाऱ्याचं नाव निघालं आणि म्हातारा पेटला. "निम्मं शेत तुझं, निम्मं माझं. ज्याचं भात जास्त, पुढच्या वर्षी सगळं शेत त्याच्या हाती. हरलीस तर पुन्हा नाक खुपसायचं नाही."

सुनेने युरियाच्या गोळ्या आणल्या. चार रोपांच्या मधोमध एक गोळी, चिखलात चार बोटं खोल. दोन दिवस वाकून वाकून तिच्या कंबरेचा काटा ढिला झाला.

पंधरवड्यात म्हाताऱ्याचं भात हिरवंगार, सुनेचं फिकट. शेजारी बांधावर येऊन म्हणाला, "सूनबाईंच्या भाताला कावीळ झाली का हो?"

खरं तर म्हाताऱ्याला गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. झालं उलटंच. आमच्या पोरीला हसणारा हा कोण टिकोजीराव? त्यात पोरीचं जेवणावर लक्ष नव्हतं, तेही त्याला बघवेना. ती बाजाराला गेल्यावर त्याने तिच्या बाजूला चार मुठी फेकल्या. म्हणजे अर्धी गोणी. हात एकदा सुटला की त्याला मोजता येत नसे.

कापणीच्या तोंडावर वारा सुटला. बांधालगतचं सुनेचं भात जादा खताने माजून उंच झालेलं, ते सपशेल आडवं. आतलं मात्र ताठ, लोंब्या म्हाताऱ्याच्या भातापेक्षा भरलेल्या.

"हरले मी," ती म्हणाली.

"वारा फार होता," म्हातारा पुटपुटला. गप्प बसला असता तर शेत त्याचंच होतं.

ती बघत राहिली. आडवं भात पंख्यापंख्यांनी पडलेलं, सगळे पंखे उजवीकडे ओढलेले, मूठ पोचते तिथपर्यंतच.

"वारा डावखुरा होता का, बाबा?"

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उपाशी वाटलं गं मला ते," तो म्हणाला. मग धोतर खोचून शेतात उतरला, ताठ उभ्या भातापाशी वाकला आणि चिखलात हात घातला.

"चार बोटं म्हणजे कुणाची? तुझी की माझी?"

"तुमची चालतील," सून म्हणाली. "पण उजव्या हाताची."