मेणावर राहून गेलेले वाक्य

मी एक मेणपाटी आहे. माझे शेजारी माती आणि हाडे आहेत, त्यामुळे आता मत्सर करण्यासारखे जवळ कोणी उरलेले नाही. तरीही तो सुटलेला नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे. जिचा मी आयुष्यभर हेवा केला ती पोथी वर उजेडात आहे आणि आजही मोठ्याने वाचली जाते.

माझा जन्म कार्थेजच्या बंदराजवळच्या एका सुताराकडे झाला. त्याने लाकडाच्या दोन फळ्या पोटाशी कोरल्या, काजळी कालवलेले मेण त्यांत ओतले आणि दोन्ही फळ्या दोरीने एकमेकींना बांधल्या. लोखंडी लेखणीच्या टोकाने माझ्यावर लिहायचे आणि तिच्याच चपट्या बाजूने पुसायचे. पुसले जाणे हा माझा धर्म आहे, हे मला फार उशिरा कळले.

वेतुरियस नावाच्या तरुण वकिलाने मला घेतले. तो बोलण्यात तरबेज होता आणि ते त्याला ठाऊकही होते. प्रत्येक टोमणा तो आधी माझ्यावर लिहून पाहत असे. चौकात लोक हसले की मला वाटे, हे हसू प्रथम माझ्या अंगावर उमटले होते. त्या काळी आम्हा दोघांत तिसरे कोणी नव्हते.

एके दिवशी ख्रिस्ती असल्याच्या आरोपावरून नामगिद्दा नावाची खारे मासे विकणारी बाई न्यायासनापुढे उभी राहिली. आरोपाची बाजू वेतुरियसकडे होती.

“तुम्ही लोक गाढवाच्या डोक्याची पूजा करता म्हणे?” त्याने विचारले.

“गाढव आहे माझ्याकडे, वकीलसाहेब. रोज माशांच्या टोपल्या वाहतं. त्याला देव केलं तर टोपल्या कोण वाहील, तुम्ही?”

चौक खदखदून हसला. वेतुरियसचे कान लाल झाले.

“मग तुझ्या देवात एवढं आहे तरी काय?”

“मी चुकले आणि परत आले, तर तो दार लावून घेत नाही. बस, एवढंच.”

हे वाक्य खोडून काढण्यासाठी म्हणून त्याने ते माझ्यावर टिपले. नामगिद्दाची कोठडीत रवानगी झाली. घरी येऊन तो माझ्यासमोर बसला, लेखणी उलटी धरली, आणि पुसले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस ते वाक्य माझ्या अंगावर राहिले. तेवढे मोठे सुख मला पुढे कधी मिळाले नाही. नवव्या दिवशी तो कोठडीच्या दाराशी गेला आणि त्या बाईला म्हणाला, “मला शिकव.”

तीन वर्षे शिकून त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या मागोमाग त्याची आई अरिशत हिनेही घेतला. वकिली सुटली. पुढे तो ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे धर्मगुरू झाला, शिकवू लागला, लिहू लागला. आणि लिहिण्यासाठी त्याने पोथी आणली.

पपायरसची पाने, वर बकऱ्याच्या कातड्याचे वेष्टन. तिला हात लावण्यापूर्वी तो हात धूत असे. मला मात्र थुंकीने ओल्या केलेल्या अंगठ्याने चोळी. देव एक कसा, शब्द देह कसा झाला, मेलेला माणूस उठेल म्हणजे नेमके काय होईल, हे सारे विचार माझ्यावर जन्मले, माझ्यावर अडखळले आणि माझ्यावरच दुरुस्त झाले. ते सुंदर झाले की तो ते तिच्याकडे नेई आणि मला सपाट करी. बाळंतपणे माझी, बारसे तिचे. रविवारी रोगातियानस नावाचा डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, तिला उंच धरून वाचे आणि लोक तिच्या वेष्टनाचे चुंबन घेत. मी घरी असे. अरिशतने दोनदा मला ऑलिव्हच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवले होते. तिचा मला राग नाही. तिने निदान मला रिकामे ठेवले नाही.

मग सम्राटाचा हुकूम आला. प्रत्येकाने चौकातल्या वेदीवर चिमूटभर धूप घालावा आणि तसा दाखला घ्यावा, नाही तर प्राणाला मुकावे. मंडळीच्या सांगण्यावरून वेतुरियस डोंगरात लपला. जाताना त्याने पोथी बरोबर नेली. मला नेले नाही. शिपाई रोज दाराशी येऊन मुलाचा ठाव विचारीत. अकराव्या दिवशी अरिशत चौकात गेली, तिने धूप घातला आणि दाखला आणला. त्यानंतर शिपाई आले नाहीत.

शोध थंडावल्यावर तो परतला तेव्हा पोथीत एक नवे प्रकरण होते. ज्यांनी धूप घातला त्यांना मरेपर्यंत मंडळीत पुन्हा प्रवेश नाही, असे त्यात लिहिले होते. ते त्याने माझ्यावर आधी लिहून पाहिले नव्हते. कदाचित म्हणूनच ते इतके कठोर उतरले. अर्थात हे मी मत्सराने म्हणत असेन. प्रकरणाच्या नकला गावोगाव गेल्या आणि त्यानंतर त्याला आईच्या दाखल्याचे कळले.

अरिशत दर रविवारी पश्चात्ताप करणाऱ्यांबरोबर बाहेर ओसरीत उभी राही. आत मुलगा प्रभूच्या भोजनाची भाकर मोडी, बाहेर ती आत जाणाऱ्यांच्या पायांची धूळ कपाळाला लावी. त्या हिवाळ्यात तिला ताप धरला. भाकर मिळाल्यावाचून मरायचे नाही, एवढीच तिची इच्छा होती.

तो रोगातियानसकडे गेला तेव्हा मी त्याच्या काखेत होते.

“गुरुजी, मी काय करू? पोथीत तुम्हीच लिहिलंय,” डीकन म्हणाला. “बाहेर अजून साठ जण उभे आहेत. त्यांना काय सांगू, गुरुजींची आई वेगळी?”

तेव्हा वेतुरियसला एक रीत आठवली. विश्वासासाठी कोठडी भोगलेल्या माणसाने धूप घातलेल्या पतितासाठी शांतीचे पत्र दिले, तर मंडळी ते मानून त्याला परत घेत असे. याच रीतीची त्याने पोथीत थट्टा केली होती. नामगिद्दा सुटून आली होती आणि पुन्हा मासे विकत होती. कोठडीत मोडलेली तिच्या उजव्या हाताची बोटे वळत नव्हती.

“या, वकीलसाहेब!” ती म्हणाली. त्याला ती अजूनही तसेच म्हणे. “पोथीतलं काही विसरलात वाटतं?”

“आईसाठी पत्र हवंय.”

“तुम्ही डोंगरात पळालात, ती चौकात गेली. भ्यालात तर दोघंही. मग ती बाहेर आणि तुम्ही आत, हे कोणतं गणित?” त्याने माझी दोरी सोडली. “लिहा. मला लिहिता येत नाही, सांगता येतं. अरिशतला शांती असो.”

त्याने माझ्या पहिल्या फळीवर ते लिहिले. मग दुसऱ्या फळीवर, कोणी सांगितल्यावाचून, लिहू लागला: ‘मी वेतुरियस. दार बंद आहे असे मी लिहिले ते चुकीचे होते. जो चुकतो आणि परत येतो, त्याच्यासाठी देव दार लावून घेत नाही. हे सर्वांसाठी आहे.’

पत्र पाहून रोगातियानस बाजूला झाला. वेतुरियसने आईच्या तोंडात भाकर घातली. तिने मला हातात घेतले आणि अक्षरांवरून बोट फिरवले.

“हे पुसशील ना रे? तू सगळं पुसतोस.”

“नाही पुसणार, आई.”

“मग माझ्याजवळ ठेव.”

संध्याकाळपर्यंत ती गेली. त्याने मला मिटले, दोरी गुंडाळली, तीन साक्षीदारांच्या मोहरा उमटवल्या.

“गुरुजी, आधी पोथीत उतरवून घ्या,” रोगातियानस म्हणाला.

“मला पाठ आहे. उद्या उतरवतो.”

खोटे कशाला बोलू? त्या क्षणी मी हर्षाने फुलून गेले. त्याचे सर्वांत खरे वाक्य माझे होते. कोपऱ्यात ती पोथी मिटून पडली होती आणि तिला काहीही मिळाले नव्हते. त्याच रात्री कबरीत अरिशतच्या छातीवर मी एखाद्या नवरीसारखी ऐटीत निजले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, दाखला नाही म्हणून, शिपायांनी वेतुरियसला धरले. तो परत आला नाही.

हे मला कसे कळले? आमच्याकडे वर्षश्राद्धाला लोक कबरीवर जेवतात आणि शिळेच्या भोकातून मेलेल्यासाठी द्राक्षारस ओततात. त्या भोकातून आवाजही खाली येतात. दरवर्षी नामगिद्दा येते. पहिल्या वर्षी तिच्याबरोबर ओसरीत उभी राहणारी एक बाई होती.

“त्यांनी चूक कबूल केली होती, मी सांगते ना,” नामगिद्दा म्हणत होती. “डीकनलाही ठाऊक आहे.”

“आता तो म्हणतो, एका म्हातारीपुरतं होतं ते. सगळ्यांसाठी लिहिलेलं असेल तर दाखवा म्हणतो. पोथीत तर तसंच आहे अजून. काल पुन्हा वाचलं.”

“मग कबर उघडू या.”

“मेलेलीची शांती मोडायची? नको गं बाई. मी राहीन उभी.”

द्राक्षारसाचे थेंब माझ्या दोरीवर पडले. पुढच्या वर्षी नामगिद्दा एकटीच आली.

ज्याच्यासाठी मी जन्मभर जळले, ते मला मिळाले आहे, आणि माझ्याजवळ असल्यामुळेच ते कोणाच्या उपयोगाचे नाही. म्हणून हे ज्याच्या कानी पडेल त्याला माझी विनंती आहे. अरिशत रागावणार नाही, तिला मी ओळखते. शिळा सरकवा, मोहरा फोडा. दुसऱ्या फळीवरचे वाक्य माझ्या सवतीच्या पानावर नीट उतरवा. तिला हात लावण्यापूर्वी हवे तर हातही धुवा. ओसरीतल्या लोकांना ते मोठ्याने वाचून दाखवा. आणि मग अंगठा ओला करून मला पुसून टाका.