मामांची तपकिरी चरबी

मामांना जन्मात कुणी घाम गाळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी लवकर निवृत्ती घेतली तेव्हा ऑफिसात महिनाभर कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं मामी सांगायच्या. त्यामुळे संशोधन करणाऱ्या भाचीने प्रयोगासाठी माणसं हवीत म्हटल्यावर मामांनी एकच विचारलं, "पळायला लावणार नाहीस ना?"

"छे! थंड खोलीत दोन तास पडून राहायचं. झोपायचं मात्र नाही."

"इतकं शिकून शेवटी माझ्या लायकीचं काम काढलंस!" मामा गहिवरले.

सोळा अंशांच्या खोलीत, पातळ सदऱ्यावर, तोंडावर पारदर्शक घुमट घेऊन मामा पडले. श्वासातला ऑक्सिजन किती वापरला जातो त्यावरून शरीर किती ऊर्जा जाळतंय हे यंत्र मोजत होतं. त्यांच्या आधीचा गडी व्यायामशाळेतला प्रशिक्षक. वीस मिनिटांत त्याचे दात वाजायला लागले होते. मामा न कुडकुडता निवांत छताकडे बघत राहिले, तरी आकडा चांगला एक तृतीयांशाने चढला. भाचीने यंत्र दोनदा तपासलं.

संध्याकाळी ती घरी आली. "पेशी साखर आणि चरबी साठवतात. लागेल तशी ती जाळून एटीपी नावाचे छोटे रेणू बनवतात, त्यावर स्नायू चालतात. पण तपकिरी चरबीच्या पेशी त्या भानगडीत फारशा पडत नाहीत. बरीचशी ऊर्जा सरळ उष्णता म्हणून सोडून देतात. मामांकडे ही चरबी भरपूर असणार."

"म्हणजे मी पडल्या पडल्या राबतो!" मामांनी छाती फुगवली. "तीस वर्षं उगाच बोलणी खाल्ली."

"खायचं, गरम व्हायचं आणि काम शून्य," मामी म्हणाल्या. "पेशीसुद्धा तुमच्यावरच गेल्यात. मलाही मोज गं एकदा."

पुढच्या आठवड्यात मामी गेल्या. थंडी सुरू करण्याआधी अर्धा तास साध्या खोलीत पडायचं होतं. मामी तिथेच घोरायला लागल्या. भाची उठवायला निघाली, तर सोबत आलेल्या मामांनी तिचा हात धरला.

"राहू दे. लग्नापासून हिला दुपारी झोपलेली पहिल्यांदा बघतोय."

त्या दिवसाचा प्रयोग बोंबलला. दोन तासांनी मामी उठल्या, केस सारखे केले.

"माझा आकडा किती आला?"

"आलाच नाही, मामी. तू झोपलीस."

"अरे देवा," मामी म्हणाल्या, आणि चपला शोधता शोधता विचारलं, "मग उद्या परत येऊ का?"