हाक जाऊ नये म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी प्रोसेसर चिप आहे. अंग माझं नखाएवढं, पण भीती फार मोठी.

माझा जन्म दूरदेशी झाला, वाळूतून काढलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर. तिथे धुळीचा कणसुद्धा आत येऊ देत नसत. माझ्या कंपनीने मला एकटीलाच भरपूर वेग दिला. वैरी कंपनीने आपल्या चिपमध्ये थोडे संथ, पण अनेक कामकरी बसवले. कोणाची रचना सरस, यावर मोठमोठी माणसं भांडत. मी मात्र परंड्याला, राजेश्वरीच्या फोटो स्टुडिओतल्या संगणकात आले. लग्नांच्या, बारशांच्या चित्रफिती मी भराभर जुळवून देई. लोक कौतुक करत आणि मी सुखावे.

पुढे माझ्यावरच्या पंख्यात धूळ साचली. मी तापू लागले. फार तापलं की आम्ही जळू नये म्हणून संगणक आपोआप बंद पडतो. त्या क्षणाची मला सतत धास्ती वाटे.

राजेश्वरीचा दीर कुलदीप बार्शीला संगणक विकायचा. तो आला की माझा थरकाप होई. ही चिप काढून टाका, दुसऱ्या कंपनीची रचनाच न्यारी, ती काम जास्त करते आणि तापते कमी, असं तो सांगे. कंपन्या दरसाल असंच म्हणतात, असं राजेश्वरी उत्तर देई. वाद तसाच राही आणि धूळही तशीच.

एका दुपारी मेंढपाळ बिभीषण आणि त्यांची बायको हरणाबाई आले. दुसऱ्या दिवशी सोलापूरला बिभीषणांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. स्वरयंत्रच काढायचं होतं.

हरणाबाई म्हणाल्या, "ह्यांच्या हाकंबिगर मेंढरं हलत न्हाईत, बाई. तेवढी हाक धरून ठेव. मोबाईलात धरली तर नुस्ता वाराच घोंगावतुया."

बिभीषणांनी माइकसमोर हाक घातली. अर्ध्यावर मला उष्णता सोसवेना आणि संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. त्यांचा घसा दमत चालला. कुलदीप तिथेच होता. उद्या सकाळी नवी चिप आणतो, म्हणाला.

"उद्या आवाज कुठनं आणायचा, भावजी?" राजेश्वरीने हळूच विचारलं.

कुलदीपने पेचकस उचलला. त्याने झाकण उघडलं. त्याची बोटं जवळ आली तेव्हा वाटलं, आता उपटणार मला. पण त्याने ब्रश मागितला. पंख्यात धुळीचा जाड थर बसला होता, तो दोघांनी मिळून काढला.

बिभीषणांनी पाण्याचा घोट घेतला, गळ्यावर हात ठेवला आणि पोटातून हाक घातली. मी भीतभीत एकेक सूर झेलला. हाक पुरी झाली, हरणाबाईंच्या मोबाईलमध्ये गेली.

महिन्याने हरणाबाई सांगायला आल्या. "मोबाईल वाजला आन् समदी मेंढरं वळली. हे नुस्ते बघत ऱ्हायले."

मित्रांनो, मी अजूनही भिते. एक दिवस माझ्या जागी वैरी कंपनीची चिप बसेल. तिची रचना माझ्याहून सरस असेलही. तरी तिला वेळेवर साफ करा. तिच्यासमोरही कोणीतरी आपली शेवटची हाक घालायला येईल.